विमान कोणी उडवलं ते नंतर बघू, आधी पंखा कोणी मोजला ते सांगा

(पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.)

दरवर्षी १७ डिसेंबर आला की आपल्याकडे एक ठरलेलं भांडण सुरू होतं. कोणीतरी राइट बंधूंचा फोटो टाकतो. खाली लगेच दुसरा येऊन विचारतो, "आणि आमचे तळपदे?" मग इंग्रजांनी कागद पळवले, तुम्ही मेकॉलेची पिलावळ, तुम्ही अंधभक्त, असं सगळं रीतसर होतं. संध्याकाळपर्यंत दीड-दोनशे कमेंटी पडतात आणि त्यात प्रोपेलर हा शब्द एकदाही येत नाही. मला त्याचंच नवल वाटतं. कारण विमान कोणी बनवलं यापेक्षा ते कोणी मोजून बनवलं, हे ओळखायची सगळ्यात सोपी जागा प्रोपेलरच आहे.

एक खुलासा आधीच करतो. या पोस्टमध्ये 'पंख' म्हणजे विमानाच्या दोन बाजूंचे, आणि 'पंखा' म्हणजे प्रोपेलर. एका कान्याचा फरक आहे, घोटाळा नको.

छताचा पंखा एका जागी फिरतो. विमानाचा पंखा फिरता फिरता पुढेही जातो, त्यामुळे त्याचं टोक हवेत मळसूत्र कोरत जातं. त्यातही बुंध्याजवळचा भाग छोटं वर्तुळ काढतो, म्हणजे हळू जातो, आणि टोक तेवढ्याच वेळात मोठं वर्तुळ काढतं, म्हणजे सुसाट जातं. दोन्हीकडे हवा वेगवेगळ्या कोनातून येते. म्हणून पात्याला पीळ द्यावा लागतो. साताऱ्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर किंवा साक्री तालुक्यात पवनचक्क्या आहेत. त्यांचं पातं ट्रेलरवरून जाताना जवळून बघितलं असेल तर हा पीळ डोळ्याला दिसतो. तिथे वारा पात्याला फिरवतो, विमानात पातं हवेला मागे रेटतं. काम उलटं, पण गणिताचं घर एकच.

आता कार्यक्षमता. इंजिनाने १२ अश्वशक्ती दिली आणि त्यातली ८ विमान पुढे नेण्यात कामी आली, तर पंख्याची कार्यक्षमता साधारण ६६ टक्के. उरलेली चार हवा घुसळण्यात गेली. मोटारीला इंजिन कमी पडलं तर ती चढाला हळू जाते. विमानाचं तसं नाही, ते उठतच नाही. १९०३ च्या सुमाराला हलकी इंजिनं म्हणजे दुर्मीळ वस्तू. तेव्हा पंख्यात वाया जाणारी एकेक अश्वशक्ती महाग होती.

तर ओहायो राज्यातल्या डेटन गावची ही दोन भावंडं, विल्बर आणि ऑर्व्हिल. सायकलचं दुकान. दोघांकडेही शाळेची शेवटची डिप्लोमाची चिठ्ठी नव्हती. १८९९ साली विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणावर छापलेलं काय काय आहे ते मागवलं. संस्थेने ते पाठवलंही. (ही संस्था लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.) त्यांनी ते वाचलं, ग्लायडर बनवला, उडवला, आणि पुस्तकातले आकडे आणि हातातला ग्लायडर यांचा मेळ बसेना. हवेचा दाब काढताना शंभरेक वर्षं ०.००५ हा गुणक वापरला जात होता, इंग्लंडच्या जॉन स्मीटनच्या नावाने. यांनी मोजलं तर तो ०.००३३ च्या जवळ आला. म्हणजे सगळे जण जेवढा दाब मिळेल असं धरून चालले होते, त्याच्या दोन तृतीयांशच प्रत्यक्षात मिळत होता. १९०१ च्या हिवाळ्यात त्यांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, एका टोकाला पंखा लावला आणि आत पंखांचे दोनशेच्या आसपास छोटे नमुने तपासले. सायकलच्या आऱ्या आणि करवतीच्या पात्यांपासून बनवलेला तराजू. सगळं वहीत.

पुढच्या वर्षीचा ग्लायडर त्या वहीप्रमाणे उडाला. उरलं इंजिन आणि पंखा. पंख्याचा प्रश्न तर सुटलेलाच आहे असं त्यांना वाटत होतं. जहाजं कितीतरी वर्षं प्रोपेलरवर चालत होती, तेव्हा जहाजबांधणीची पुस्तकं उघडायची, सूत्र उचलायचं, पाण्याच्या जागी हवा घालायची. त्यांनी पुस्तकं उघडली आणि आत सूत्रच नव्हतं. जहाजवाले अनुभवावर चालत होते. एक पंखा लावायचा, बोट हळू गेली तर दुसरा लावून बघायचा. जहाजाला ते परवडतं, कारण पंखा थोडा वाईट निघाला तरी जहाज बुडत नाही, उशिरा पोहोचतं.

मग दोघा भावांनी पंख्याचा विचार नव्याने केला. पंखा म्हणजे गोल फिरणारा पंखच, असं धरायचं. त्यांच्या पेटीतून पंखांचे आकडे निघालेलेच होते, तेच पात्याच्या प्रत्येक भागाला लावायचे. ऐकायला सोपं आहे. पण विमान पुढे जातंय, पातं आडवं फिरतंय, हवा मागे सरकतेय, आणि यातली एकही गोष्ट दुसरीवर अवलंबून नाही असं नाही. मोजायला सुरुवात करायची तरी कुठून? ऑर्व्हिलने पुढे लिहून ठेवलंय की दोघं तावातावाने वाद घालायचे, आणि बऱ्याच वेळाने लक्षात यायचं की प्रश्न जिथल्या तिथे आहे, फक्त दोघांनी बाजू बदलल्यात. सकाळी जो म्हणत होता 'असं', तो आता 'तसं' म्हणतोय. आपल्या पारावर असं कधी झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

वह्या भरल्या. त्यातून निघालेला पंखा साडेआठ फुटांचा. स्प्रूस लाकडाच्या तीन फळ्या एकमेकींवर चिकटवून, कुऱ्हाडीने आणि दोन हातांनी ओढायच्या सुरीने तासून काढलेला. असे दोन. पंखांच्या मागे, ढकलणारे. दोन्ही एकाच दिशेने फिरले तर विमान वेडंवाकडं होईल, म्हणून एक साखळी सरळ आणि दुसरी आठच्या आकड्यासारखी मुरडून नेली, म्हणजे पंखे उलटसुलट फिरतात. सायकलवाल्याचं डोकं. इंजिन मिनिटाला हजारावर फेरे घ्यायचं, पण दातेरी चक्रं अशी निवडली की पंखा फिरायचा साडेतीनशेच्या आसपास. टोकाचा वेग ताशी १७० किलोमीटरच्या घरात येतो. हा निर्णय मला फार आवडतो. थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा हळू रेटली तर कमी शक्तीत तेवढंच काम होतं, हे त्यांना कागदावर कळलं होतं. बाकीचे तेव्हा पंखा थेट इंजिनाच्या दांड्याला बसवून गरगरवत होते.

इंजिन त्यांच्याच दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मिस्त्रीने बनवलं. बाहेरच्या कारखान्यांना पत्रं लिहून झाली होती, उपयोग झाला नाही. टेलरच्या इंजिनाने बारा अश्वशक्ती दिली. हिशेबात आठ-नऊसुद्धा पुरणार होत्या.

नोव्हेंबर १९०३ मध्ये किटी हॉकच्या वाळूत सगळं जुळवलं आणि पहिल्याच दिवसांत पंख्याचे दांडे पिळवटून निकामी झाले. डेटनला पाठवले, दुरुस्त होऊन आले, तर दातेरी चक्रं सैल व्हायला लागली. ती कशाने घट्ट केली? सायकलचं टायर रिमला चिकटवायच्या सिमेंटने. आपल्या पंक्चरवाल्याच्या सोल्युशनचा थोरला भाऊ म्हणा. मग पंख्यांचा रेटा मोजला. त्यासाठी यंत्र आणलं नव्हतं. दोर, कप्पी आणि वाळूने भरलेली पेटी. पंखे फिरवायचे आणि यंत्र किती वजन खेचतं ते बघायचं. रेटा १३० पौंडांच्या वर आला. त्यांनी वहीत मांडलेल्या आकड्याच्या अगदी जवळ, किंचित जास्तच. त्यानंतर पुन्हा एका दांड्याला तडा गेला, ऑर्व्हिल स्वतः रेल्वेने डेटनला जाऊन नवे भरीव पोलादी दांडे घेऊन आला. १७ डिसेंबरला १२ सेकंद, १२० फूट. त्याच दिवशीचं चौथं उड्डाण ५९ सेकंद, ८५२ फूट. फोटो तुम्ही पाहिलाय.

पण मला १७ डिसेंबरपेक्षा ती वाळूची पेटी मोठी वाटते. उडायच्या आधी, जमिनीवर उभं राहून, माझा हिशेब बरोबर आहे की नाही हे कळायची सोय त्यांनी स्वतःसाठी करून ठेवली होती.

याच महिन्यात, नऊ दिवस आधी, स्मिथसोनियनचे प्रमुख सॅम्युएल लँगली यांचं 'एरोड्रोम' पोटोमॅक नदीत दुसऱ्यांदा पडलं होतं. सरकारच्या युद्ध खात्याचे ५०,००० डॉलर त्यात गेले. राइट बंधूंचा सगळा खर्च हजार डॉलरच्या आसपास. लँगलींच्या इंजिनाची ताकद ५२ अश्वशक्ती, यांच्या चौपटीहून जास्त. १९०६ साली पॅरिसमध्ये सांतोस-द्युमाँ उडाला, त्याचंही इंजिन ५० अश्वशक्तीचं होतं आणि अंतर २२० मीटर. युरोपात तेव्हा पंखे म्हणजे दांड्याला रिव्हेटने ठोकलेली धातूची वल्ही असायची. पंखा वाईट म्हणून इंजिन मोठं, इंजिन मोठं म्हणून वजन जास्त, वजन जास्त म्हणून आणखी मोठं इंजिन. १९०८ मध्ये विल्बरने फ्रान्समध्ये येऊन उडून दाखवलं तेव्हा तिथल्या लोकांनी त्याच्या पंख्यांकडे निरखून बघितलं. पुढच्याच वर्षी ब्लेरियोने इंग्लिश खाडी ओलांडली ती अवघ्या २५ अश्वशक्तीच्या इंजिनावर. पंखा होता शोव्हिएर नावाच्या फ्रेंच कारागिराचा, लाकडाचे थर चिकटवून नीट पीळ दिलेला.

अलीकडे, गेल्या पंचवीस-तीस वर्षांत, अमेरिकेत राइटांच्या पंख्यांच्या हुबेहूब प्रती करून मोठ्या वायुबोगद्यात तपासल्या. १९०३ च्या पंख्याची कार्यक्षमता भरली सुमारे ७५ टक्के. १९११ सालच्या त्यांच्या वाकड्या टोकाच्या पंख्याची ८० च्याही वर. आजचा चांगला लाकडी पंखा ८५ च्या आसपास जातो. सव्वाशे वर्षांत एवढीच सुधारणा उरली होती.

इथे थांबलो तर ही पोस्ट म्हणजे आरती होईल. म्हणून पुढचं.

१९०४ मध्ये डेटनजवळच्या गायरानावर उडताना त्यांचे स्वतःचे आकडे चुकायला लागले. पंखा हिशेबाइतकं काम देईना. पातं कागदावर एका कोनात असतं, पण फिरताना हवेच्या दाबाने पिळलं जातं आणि कोन बदलतो, असा त्यांना संशय आला. संशय खरा की खोटा हे ठरवायला त्यांनी १९०५ मध्ये पात्याच्या मागच्या कडेला छोट्या फळ्या जोडल्या, दाबाला उलटा दाब देणाऱ्या. त्यांना ते गमतीने 'चिमुकले विदूषक' अशा अर्थाचं काहीतरी म्हणायचे. फळ्या लावल्या, पंखा हिशेबावर आला. म्हणजे दोष पिळण्यातच होता. मग फळ्या काढल्या आणि पात्याचा आकारच मागे झुकणारा केला, की दाब आपोआप तोलला जावा. बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची, फरक बघायचा, कारण नक्की करायचं, मग जोडकाम काढून टाकायचं. दोन पंख्यांची तुलना कशी करावी याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

आणि १७ सप्टेंबर १९०८. वॉशिंग्टनजवळ फोर्ट मायरला अमेरिकी सैन्यासाठी चाचण्या चालू होत्या. ऑर्व्हिलने त्या उड्डाणासाठी नवे, आधीपेक्षा लांब पंखे लावले होते. सोबत लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज. हवेत एका पात्याला उभा तडा गेला. त्या पंख्याचा रेटा कमी झाला, थरथर सुरू झाली, पातं शेपटाच्या सुकाणूला धरून ठेवणाऱ्या तारेला लागलं आणि विमान नाकावर कोसळलं. सेल्फ्रिज गेला. इंजिनाच्या विमानात मेलेला जगातला पहिला माणूस, वय २६. ऑर्व्हिलची मांडी आणि बरगड्या मोडल्या. तो पलंगावर पडून होता आणि टेलर त्याला तुटके तुकडे आणून दाखवत होता. कारण शोधायचं होतं. जगातल्या सगळ्यात काळजीपूर्वक मोजणाऱ्या माणसाच्या हातूनही एक पंखा असा गेला.

आता स्मिथसोनियन. सार्वजनिक पैशावर, सार्वजनिक विश्वासावर चालणाऱ्या संस्था काय करू शकतात, म्हणून हा भाग थोडा सविस्तर.

लँगली १९०६ साली वारले. त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे. वृत्तपत्रांनी त्यांची भयंकर टिंगल केली होती. त्यांच्या जागी आलेल्या चार्ल्स वॉलकॉट यांना गुरूचं नाव परत उजळायचं होतं. तिकडे विमानकार ग्लेन कर्टिस पेटंटच्या खटल्यात राइटांकडून जानेवारी १९१४ मध्ये हरला होता. १९०३ चं लँगलींचं यंत्र उडू शकत होतं असं सिद्ध झालं, तर राइटांच्या पेटंटची धार कमी झाली असती. दोघांची गरज जुळली. संस्थेने लँगलींचं जुनं यंत्र कर्टिसकडेच दिलं, वर २,००० डॉलर दिले. संस्थेतर्फे देखरेखीला होते अल्बर्ट झाम, जे आधी खटल्यात कर्टिसच्या बाजूने साक्ष देऊन आले होते.

मे १९१४ मध्ये ते यंत्र तलावावरून काही सेकंद उठलं, दीडेकशे फूट गेलं. संस्थेने जाहीर केलं की बघा, उडालं. पण उडालं ते कोणतं यंत्र? पंखांचा बाक बदललेला. पंखांचे आधार आणि तारा बदललेल्या. खाली तराफे. कार्ब्युरेटर नवा, ठिणगीची व्यवस्था नवी. आणि पंख्याची पातीसुद्धा सुधारलेली. १९०३ ते १९१४ या अकरा वर्षांत जगाला जे कळलं होतं, त्यातलं बरंच त्या यंत्रात शिरलं होतं. मग सगळे बदल काढून, यंत्र १९०३ च्या रूपात परत आणून संग्रहालयात टांगलं आणि खाली पाटी लावली, की माणसाला घेऊन सलग उडण्याची क्षमता असलेलं जगातलं हे पहिलं विमान.

राइट भावांनी फळ्या लावून कारण शोधलं आणि मग फळ्या काढल्या. इथेही जोडकाम काढलं, पण ते पुरावा पुसण्यासाठी.

ऑर्व्हिल भांडला. विल्बर १९१२ मध्येच विषमज्वराने गेला होता. ऐकलं जात नाही म्हटल्यावर १९२८ मध्ये ऑर्व्हिलने १९०३ चं खरं विमान उचलून लंडनच्या सायन्स म्युझियमला देऊन टाकलं. अमेरिकेचं पहिलं विमान वीस वर्षं इंग्लंडात. संस्थेचे नवे प्रमुख चार्ल्स ॲबट यांनी १९४२ मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी, १९०३ आणि १९१४ च्या यंत्रांतल्या फरकांची यादी छापली आणि जुने दावे मागे घेतले. विमान १७ डिसेंबर १९४८ ला स्मिथसोनियनमध्ये लागलं. ऑर्व्हिल त्याच वर्षी जानेवारीत गेला होता. आणखी एक गोष्ट, जी राइटभक्त सहसा सांगत नाहीत. विमान परत देताना वारसांनी करार केला, की संस्थेने राइटांच्या आधी दुसऱ्या कोणाचं विमान उडालं असं म्हटलं तर विमान परत घेतलं जाईल. इतिहास कराराने बांधून ठेवणं मला पटत नाही, कोणाच्याही बाजूने असलं तरी. आणि पेटंटच्या खटल्यांनी त्या भावंडांनी त्यांच्याच देशातल्या विमानविद्येचा बराच काळ खाल्ला, हेही खरं.

पंख्याचं पुढचं काम दुसऱ्यांनी केलं. स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम ड्यूरंड आणि एव्हरेट लेस्ली यांनी १९१६ पासून दहाएक वर्षं तीन फुटी लाकडी नमुने वायुबोगद्यात फिरवले, शंभराहून जास्त. रुंदी बदल, पीळ बदल, काटछेद बदल, पण एका वेळी एकच. त्यात थरार काही नाही, म्हणून त्यावर सिनेमा निघत नाही.

आज जगभर हौशी लोक घरी छोटी विमानं बनवतात. त्यांच्यात अजूनही तोच वाद असतो, कोणता पंखा चांगला. विमान झाडाला बांधायचं, मध्ये स्प्रिंगचा काटा लावायचा आणि रेटा वाचायचा, ही सगळ्यांची आवडती पद्धत. तिने इंजिन आणि पंखा ठीक आहेत का ते कळतं. पण बांधलेलं विमान पुढे जात नाही, म्हणजे तिथे कितीही रेटा आला तरी कार्यक्षमता शून्यच. कमी पिचचा पंखा जमिनीवर जोरात ओढतो, चटकन वर चढवतो, आणि वेग आला की दमतो, सायकलच्या खालच्या गिअरसारखा. जास्त पिचचा उठताना रडवतो आणि वर गेल्यावर छान पळतो. त्यात एकाने चाचणी थंड सकाळी केलेली असते, दुसऱ्याने भर दुपारी. एकाच्या टाकीत इंधन भरलेलं, दुसऱ्याची अर्धी. एकजण वाऱ्याबरोबर गेला आणि परत येतानाचा वेग मोजलाच नाही. मग दोघेही शपथेवर सांगतात की माझा पंखा चांगला, आणि दोघेही खोटं बोलत नसतात.

आता आपल्याकडे येऊ. शिवकर बापूजी तळपदे ही खरी व्यक्ती, मुंबईची, जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी संबंधित, विमानाच्या कल्पनेने झपाटलेली. त्या काळात मुंबईत बसून हा विचार करणाऱ्या माणसाविषयी मला आदरच आहे. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांचं मानवरहित यंत्र १,५०० फूट उंच गेलं असं सांगितलं जातं. त्यावर २०१५ मध्ये हिंदी सिनेमाही आला, आणि त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. उंची सगळ्यांना पाठ आहे. यंत्राचं वजन किती, रेटा कशाने येत होता, पंखा असला तर व्यास किती, फेरे किती, तो कोणी आणि कसा मोजला, हे कोणत्याही पोस्टमध्ये नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला यात हटकून देतात, ते बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पाच शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये अभ्यासलं. ग्रंथ विसाव्या शतकातला, आणि त्यातल्या यंत्रांना उडण्याचे गुण नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. हा निबंध कोणी फॉरवर्ड करत नाही. माझं तळपदेभक्तांना एवढंच सांगणं आहे की १,५०० फूट सोडा, एक वही दाखवा. एक पान चालेल. राइटांना मी याच मापाने मोजतो आणि स्मिथसोनियनलाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण निराळं आहे. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत पोरं विमानं आणि हेलिकॉप्टरं बनवतात. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान बनवलं, २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते मांडलं, पुढच्या वर्षी त्याची रीतसर नोंदणी झाली. ते स्वतः वैमानिक आहेत, त्यांना काय तपासायचं ते माहीत आहे. बातम्या मात्र बहुतेक मंत्री, जमीन आणि कोटींच्या झाल्या. गावातल्या पोरांचं तसं नसतं. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात एक तरुण स्वतः जोडलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पंख्याचं पातं डोक्याला लागून गेला. पत्र्याचं काम करणारा हुशार मुलगा. ते यंत्र त्याने रात्री जागून बनवलेलं. अशा मुलांच्या बातम्या आमच्या धंद्यात ठरलेल्या साच्यात येतात, 'भंगारातून साकारलं स्वप्न', 'शाळा सोडलेल्या तरुणाची भरारी'. शेजारी आमदारांचा सत्कार करतानाचा फोटो. पातं कशाचं आहे, किती फेऱ्यांवर फिरवून पाहिलं, किती वेळ, तडा तपासला का, चाचणीच्या वेळी माणसं कुठे उभी असतात, हे पाच प्रश्न त्या बातमीत मावतात. शंभर शब्द लागतात.

आमच्याकडच्या एका आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवणारे एक सर आहेत. त्यांना विचारलं, रेटा मोजायची सोय तुमच्या वर्कशॉपमध्ये होईल का? म्हणाले, "दोर आहे, कप्पी आहे, वाळूची गोणी आणि तोलकाटा आहे. अजून काय पाहिजे? तडा बघायला डाय टाकून बघता येतं, तेही शिकवतो आम्ही पोरांना." मग खडूने फरशीवर एक वर्तुळ काढलं आणि त्याच्या रेषेवर दोन्हीकडे फुल्या मारल्या. "पंखा ज्या पातळीत फिरतो त्या पातळीत कोणी उभं राहायचं नाही. तुटलं की पातं इकडे नाहीतर इकडे जातं. हे मात्र छापा."

छापलं. जाताना त्यांनी विचारलं, "कोणी बनवतंय का आपल्याकडे?"

म्हटलं, सर, कुठेतरी कोणीतरी बनवत असणारच. त्याला तुमच्याकडे पाठवू का?

"पाठवा की. शनिवारी वर्कशॉप रिकामंच असतं."